नव्याण्णव

आमच्या फ्रीजच्या दारावर दोन गोष्टी आहेत. एक कॅलेंडर, ज्यावर नळाला पाणी येण्याच्या दिवसांभोवती बायकोने गोल केलेले आहेत, आणि त्याच्या शेजारी वहीचा एक फाडलेला कागद. कागदावर लाल स्केचपेनने फक्त ‘९९+’ लिहिलंय. दूधवाल्याने एकदा दारातूनच तो वाचला आणि म्हणाला, “साहेब, माझे नव्याण्णव नाहीत, एकशे चाळीस राहिलेत.”

कागद लेकीने दिवाळीनंतर लावला. बारावी सायन्स, पुढे एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा. तेव्हा तो आकडा तिचा होता. जानेवारीत आमची सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत तो सगळ्या घराचा झाला. पुण्याहून भाऊ फोन करतो तो तब्येत विचारायच्या आधी “काय म्हणतंय नव्याण्णव?” म्हणतो. टीव्हीचा आवाज जरा वाढला की बायको तोंडाने काही बोलत नाही, नुसतं फ्रीजकडे बोट दाखवते. पोरगी दहा मिनिटं जास्त झोपली तर मला उगाच वाटतं, अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ झाले.

कबूल करतो, पहिले दोन महिने मी ते नव्याण्णव टक्के समजत होतो. पेपर २०० मार्कांचा, म्हणजे १९८ पाहिजेत, असा साधा हिशोब. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो, त्यामुळे टक्केवारी मला तरी शिकवू नये असं माझं मत होतं. लेकीने कपाळावर हात मारला. “पप्पा, टक्के नाही, पर्सेंटाइल! टक्के आज्जीच्या काळातले.”

मग तिने समजावलं. मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५०, प्रत्येकी एक. पण परीक्षा एका दिवशी एका वेळी होत नाही. कितीतरी दिवस चालते, शिफ्ट वेगळ्या, पेपर वेगळे. म्हणून मार्कांना तसा अर्थ नाही. तुमच्या शिफ्टमधली शंभरातली किती पोरं तुमच्याएवढी किंवा तुमच्याखाली आहेत, तो तुमचा आकडा. तोही दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत. समजा शिफ्टमध्ये २०,००० पोरं बसली, तर नव्याण्णव म्हणजे वर फक्त २०० जण.

“बरं, मग नव्याण्णवला मार्क किती लागतात?”

“ते शिफ्टवर आहे.”

“म्हणजे?”

“सोपी आली तर जास्त, टफ आली तर कमी.”

“आणि शिफ्ट कशी आहे हे कधी कळतं?”

“बाहेर आल्यावर. सगळे रडत असले की समजायचं, आपलं बरं आहे.”

त्या रात्री मला काही झोप आली नाही. आमच्याकडे टॉवेल काट्यावर ठेवला की वजन कळतं. चारशे ग्रॅमचा टॉवेल चारशे ग्रॅमचाच. शेजारच्या गठ्ठ्यात काय आहे हे काटा विचारत नाही. उद्या काटा म्हणायला लागला, ‘हा टॉवेल आज आलेल्या नव्याण्णव टक्के टॉवेलांपेक्षा जड आहे’, तर गिऱ्हाईक माझ्याच डोक्यात घालेल तो टॉवेल. आणि इथे माझी पोरगी वर्षभर अशा आकड्यामागे लागलीय ज्यातला अर्धा भाग इतरांच्या हातात आहे. ती शिकतेय तिचं तिचं, मोजलं जाणार दुसऱ्यांच्या अंगाने.

१९९४ ला मीही एक आकडा लिहिला होता. फ्रीज नव्हता, कपाटाच्या आतल्या बाजूला, खडूने. २७०. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३०० पैकी. तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर होता आणि आमच्यासाठी इंजिनिअरिंग म्हणजे इथलं वालचंद कॉलेज. तेही तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली, सोलापूरला आपलं विद्यापीठ मिळालं २००४ साली. मला पडले २३८. कपाटाचं दार वडिलांनी ओल्या फडक्याने पुसलं, एक शब्द बोलले नाहीत, आणि मी कॉमर्सला गेलो. माझे २३८ निदान माझे होते, असं मी लेकीला जरा ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, “पण यादी तर लागायचीच ना? तुमच्या वर किती होते ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

एक गोष्ट मात्र मला या सीईटीची मनापासून आवडते. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे तुक्का मारणं हा हक्क आहे, नव्हे, कर्तव्य आहे. मी कागदावर मांडून दाखवलं: शेवटच्या पाच मिनिटांत मॅथ्सचे २० प्रश्न राहिले, तर सगळ्यांना ‘बी’ मार. चारातला एक या हिशोबाने पाच बरोबर, दहा मार्क फुकट. लेक म्हणाली, हे प्रत्येकाला माहिती आहे पप्पा, सगळेच मारतात. म्हणजे माझे दहा मार्क सगळ्यांनाच मिळाले आणि आकडा होता तिथेच राहिला.

आईला हे प्रकरण कळलं तेव्हा खरी पंचाईत झाली. आई दर सोमवारी सिद्धेश्वराला जाते. तळ्याच्या कडेने, हळूहळू, वाटेत दोनदा बसत. नातीसाठी काय मागतेस, म्हणून विचारलं तर म्हणाली, “काय मागायचं? सगळ्यांच्या लेकरांना चांगले मार्क पडू दे म्हणते.”

मी हसलो. म्हटलं, “अगं आई, ते चालत नाही आता. सगळ्यांना दहा-दहा मार्क जास्त पडले तर हिचा आकडा हलणारसुद्धा नाही. देवाने ऐकलं काय, नाही ऐकलं काय, सारखंच.”

आईने पदराने चष्मा पुसला. “मग काय, दुसऱ्याच्या लेकराचं पडू दे म्हणू व्हय रे देवाला?”

मी विषय बदलला. शेंगाची चटणी संपत आलीय का, असं काहीतरी विचारलं.

एप्रिलमध्ये आमच्याकडे कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. आम्ही पूर्वभागात राहतो. समोरच्या गल्लीत घरोघरी माग आहेत आणि त्यांची खटखट इतकी अंगवळणी पडलीय, की माग बंद पडले तर झोपमोड होते. लेकीची मैत्रीण त्यातल्याच एका घरातली. तिच्या घरी खालच्या मजल्यावर सहा माग, वरच्या खोलीत ही आणि हिचं केमिस्ट्री. म्हणून संध्याकाळी ती पुस्तकं घेऊन आमच्या गच्चीवर येते. सीईटीला अकरावीचाही २० टक्के भाग असतो आणि तिचं अकरावीचं सगळं कच्चं राहिलंय.

परवा रात्री लाइट गेली. समोरचे माग एकदम गप्प झाले. मी पाण्याचा तांब्या आणि बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. मोबाइलच्या उजेडात दोघी चटईवर पालथ्या. लेक तिला केमिस्ट्रीतलं काहीतरी समजावत होती. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग वहीचं पान उलटवून तिसऱ्यांदा. मी तिथेच उभा राहिलो, आणि खोटं का बोलू, डोक्यात हिशोब सुरू झाला. हिला जमलं की ही एक घर वर. ही वर गेली की...

“आत्ता कळलं!” मैत्रीण उठून बसली. “काय बे, हे तर सोपं होतं.”

मी तांब्या खाली ठेवला आणि न राहवून विचारलं, “काय गं, तुमच्या दोघींची शिफ्ट एकच आली तर?”

लेकीने माझ्याकडे असं बघितलं, की मी बॅटरी बंद केली. मैत्रीण मात्र खरोखर विचारात पडली.

“बरंच होईल की काका,” ती म्हणाली. “रिक्षा एकच करता येईल.”