माँट्रोच्या कसिनोतली ती छोटी खोली

आमचं गाव वाई. बाबा एसटीत कंडक्टर होते, वाई-महाबळेश्वर गाडीवर, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी कितीतरी वेळा त्यांच्यासोबत पुढच्या सीटवर बसून पसरणीचा घाट चढलोय. पाचगणीत शिरलं की बोर्डिंगच्या शाळा लागायच्या. त्यातल्या सेंट पीटर्समध्ये फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा शिकायचा, तोच पुढे क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला, हे मला पुण्यात हॉस्टेलवर रूममेटने क्वीनची कॅसेट ऐकवली तेव्हा कळलं, तोपर्यंत गावात कुणी कधी बोललंच नव्हतं. तेव्हापासून हा माणूस मला आपल्या वरच्या आळीतला वाटत आलाय.

तर २०१९ च्या मे महिन्यात ताईकडे लोझानला गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी तिला सांगून टाकलं, बाकी स्वित्झर्लंड नाही दाखवलंस तरी चालेल, पण माँट्रो पाहिजे, तळ्याकाठचं ते गाव जिथे क्वीनचा स्टुडिओ होता. ट्रेनने अर्धा तासच लागतो, उजवीकडे पूर्ण वेळ तळं आणि डावीकडे उतारावर द्राक्षाचे मळे. ताई म्हणाली फोटो काढ, मी काढले नाहीत, माझं लक्षच नव्हतं.

आधी फ्रेडीच्या पुतळ्यापाशी गेलो. तळ्याच्या काठावर, ब्राँझचा, जवळजवळ ३ मीटर उंच, मूठ वर केलेली, तोंड पाण्याकडे. इरेना सेडलेका या चेक शिल्पकर्तीने केलेला, २५ नोव्हेंबर १९९६ ला बसवला. लंडनमध्ये याला जागा मिळाली नाही, आणि या गावाने मात्र अगदी तळ्याकाठची मोक्याची जागा दिली, याचं मला फार बरं वाटतं. पायाशी ताजी फुलं होती. सकाळीच कुणीतरी ठेवून गेलं असणार, पाकळ्यांवर पाणी होतं अजून.

तिथून चालत कसिनो. म्हणजे जुगाराचाच कसिनो, आणि त्याच्या आतच 'क्वीन: द स्टुडिओ एक्सपीरियन्स' हे प्रदर्शन आहे. आधीचा कसिनो १९७१ च्या डिसेंबरमध्ये फ्रँक झाप्पाच्या कॉन्सर्टमध्ये आग लागून जळाला होता, आणि तळ्यावर पसरलेला तो धूर बघून डीप पर्पल या बँडने 'स्मोक ऑन द वॉटर' हे जे गाणं केलं ते गिटार शिकणारं प्रत्येक पोरगं सगळ्यात आधी वाजवतं. १९७५ ला नवीन बिल्डिंग झाली, तिच्यात माउंटन स्टुडिओज हा रेकॉर्डिंग स्टुडिओ आला, १९७८ ला क्वीनने तिथे 'जॅझ' अल्बम रेकॉर्ड केला आणि १९७९ ला स्टुडिओच विकत घेऊन टाकला. गायक डेव्हिड बोवीसोबतचं 'अंडर प्रेशर' पण १९८१ मध्ये इथेच जन्माला आलं. प्रदर्शन २०१३ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, इच्छा असेल तर पेटीत पैसे टाकायचे, ते मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला जायचे, एड्सच्या कामासाठी. आम्ही दोघांनी टाकले.

आत कपडे आहेत, वाद्यं आहेत, रेकॉर्ड्स आहेत, आणि हाताने लिहिलेली गाणी. मी त्या कागदांपाशीच सगळ्यात जास्त थांबलो. इतकी वर्षं आपण जे गाणं एका दमात ऐकत आलो ते कुणीतरी बसून एकेक शब्द करून लिहिलंय हे माहीत असतं हो, पण समोर शाई दिसली की पोटात वेगळंच काहीतरी होतं.

आणि मग कंट्रोल रूम, जिथे बसून रेकॉर्डिंग करतात ती खोली. लहान आहे, आपल्याकडच्या जुन्या वाड्यातली माजघराची खोली असते ना, तेवढी वाटते. १९९१ मध्ये फ्रेडी इथे यायचा तेव्हा त्याला एड्स झालेला होता, आणि कळून चुकलं होतं की वेळ उरलेला नाही. बाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सोबतच्यांना त्याचं एवढंच सांगणं की मला गायला काहीतरी देत राहा, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही नंतर करा. म्हणून ड्रम मशीनच्या साध्या ठेक्यावर तो गायचा, थकला की थांबायचा. मे महिन्यात 'मदर लव्ह' गायला घेतलं, शेवटचं कडवं राहिलं, जरा विश्रांती घेतो आणि परत येऊन पूर्ण करतो म्हणाला, आणि परत आलाच नाही. २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये गेला, ४५ वर्षांचा. ते शेवटचं कडवं क्वीनचा गिटारिस्ट ब्रायन मे गायलाय, १९९५ च्या 'मेड इन हेवन'मध्ये ऐकाल तर आवाज बदलतो ती जागा सहज कळते. मी ते गाणं शंभर वेळा तरी ऐकलं असेल, पण त्या खोलीत उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की दोन आवाजांच्या मध्ये जी फट आहे ती इथे पडली, या भिंतींच्या आत.

खोलीत गाण्याचे ट्रॅक स्वतः मिक्स करता येतात, फेडर म्हणजे आवाजाची सरकती बटणं वर-खाली करून. माझ्या आधी एक आजोबा होते, नातीला शिकवत होते, ती नुसते ड्रम्स वाढवत होती. माझी पाळी आली तेव्हा मी एकेक करून बाकी सगळं खाली आणलं. गिटार गेली, बेस गेला, ड्रम्स गेले. नुसता आवाज राहिला. मागे काही नसताना तो श्वास घेतो तेही ऐकू येतं, ओळ संपता संपता जरा घसा ओढल्यासारखा होतो आणि पुढची ओळ तरीही पूर्ण ताकदीने उचलतो. ताई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती, दोघंही काही बोललो नाही. मागे रांग झाली म्हणून फेडर परत वर केले.

ज्या मुलाने पाचगणीत बारा वर्षांचा असताना 'द हेक्टिक्स' नावाचा शाळेतला बँड काढून पियानो बडवला, ज्याला शाळेतल्या पोरांनीच फ्रेडी म्हणायला सुरुवात केली, तो आजारपणात पुन्हा डोंगर आणि थंड हवा असलेल्या गावातच येऊन राहिला. सुरुवातीला म्हणे त्याला माँट्रो कंटाळवाणं वाटायचं, मग हीच शांतता आवडायला लागली. तळ्याकडे बघत त्याने 'अ विंटर्स टेल' लिहिलं. त्याला इथे पाचगणीची आठवण यायची का हे कुठे लिहिलेलं नाही, पण मी मात्र त्या काठावर उभा राहून टेबललँडवरून दिसणारी कृष्णेची दरीच बघत होतो.

बाहेर दारापाशीची भिंत चाहत्यांनी लिहून भरवलीये. स्पॅनिश, जपानी, पोर्तुगीज, कुठली कुठली भाषा, एकावर एक. मलाही लिहायचं होतं पण माझं बॉलपेन त्या भिंतीवर उठेना. ताईने पर्समधून काजळाची पेन्सिल काढून दिली. खाली कोपऱ्यात वीतभर जागा सापडली, तिथे उकिडवं बसून लिहिलं, देवनागरीत, एकच शब्द: पाचगणी. मग तिथूनच बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकून ताईच्या हातात दिला.