माय सोबत असताना मी गप्प का उभी राहते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बँकेच्या रांगेत मागे उभ्या असलेल्यांनी हे विचारलंय, दवाखान्यातल्या सिस्टरांनी विचारलंय, आणि यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा वैनीनंही विचारलं. "ताई, मायला एवढंसं सांगायला इतका वेळ लागतो. तुम्ही शेजारीच असता, मग तुम्हीच का सांगून टाकत नाही?"

आधी मीच सांगायचे. सात-आठ वर्षं सांगत होते. माय जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरजवळच्या खेड्यात माझ्या भावाकडे राहते, मी अमळनेरात. त्यामुळे दवाखाना, बँक, चष्मा ही कामं माझ्याकडे आली. मायचं वय आता एक्याऐंशी. कानानं कमी ऐकू येतं आणि बोलणं सगळं अहिराणी, आमच्या खानदेशातली बोली. समोरचा माणूस घाईत असतो, मलाही घरी परतायची घाई असायची. तो माझ्याकडे बघून विचारायचा, "आजींना काय होतंय?" आणि मी उत्तर देऊन मोकळी व्हायचे. दोन खुर्च्यांच्या मधे माय पदर सावरत बसलेली असायची.

असंच एकदा बीपी तपासायला गेलो. बीपी बरंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी मला विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" मी म्हटलं, "हो, अगदी वेळेवर." डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. घरी येऊन मी वैनीला बजावलं, गोळी तुमच्या हातानं द्या, गिळेपर्यंत समोर उभ्या राहा. पाचव्या रात्री माय अंथरुणातून उठली, मोरीपर्यंत गेली आणि चक्कर येऊन पडली. डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून आणल्यावर कळलं ते असं. माय दोन महिन्यांपासून अर्धीच गोळी घेत होती, कारण पूर्ण घेतली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. अर्धी मोडून उरलेली ती कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवायची. डबीत वीस-पंचवीस तुकडे निघाले. मी रडायला लागले. "माय, तू तिथंच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "माले कोनी इचारं का?"

त्या दिवसापासून मी गप्प उभी राहते.

ऐकू येण्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सगळ्यांनाच कळायला हवी. वयानं कान जातात तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत. आधी बारीक, उंच सुराचे आवाज जातात. त्यामुळे स, श, त, फ अशी अक्षरं गळतात आणि आ, ओ वगैरे जाड आवाज शाबूत राहतात. माणसाला आवाज येतो, शब्द लागत नाही. आपण मग ओरडतो. ओरडल्यानं जाड आवाज आणखी जाड होतो, गळलेलं अक्षर काही परत येत नाही. वर आपला चेहरा रागीट दिसतो, म्हणून ते माणूस गप्प बसतं. आणि आपण म्हणतो, हिला आता काही कळत नाही. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की माय नव्वद टक्के वेळा बरोबर उत्तर देते. ती स्वतःच सांगते, "कान गयात, डोकं शे ना!"

आता बँकेचं. नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मायला त्यांची फॅमिली पेन्शन मिळते. दर नोव्हेंबरला आपण हयात आहोत हे दाखवायला बँकेत यादीतल्या नावापुढे सही करायला जावं लागतं. मागच्या नोव्हेंबरात काउंटरवरच्या मुलानं मायकडे न बघताच शाईचा पॅड माझ्याकडे सरकवला. "मॅडम, त्यांचा अंगठा घ्या, मागे रांग आहे." मी काही बोलले नाही. मायनं पॅड एका बोटानं बाजूला केला आणि पेन मागितलं. लग्नानंतर नानांनी तिला रात्री कंदिलापाशी पाटीवर नाव गिरवायला शिकवलं होतं. ती एकेक अक्षर पूर्ण करते, मग थांबते, मग पुढचं. काना वरपासून खालपर्यंत ओढते. शेवटी सगळ्या नावावर एकच लांब शिरोरेषा देते, तीही डावीकडून उजवीकडे, हात न उचलता. मिनिटभर गेलं असेल. मागून एक जण म्हणालाच, "ताई, तुम्ही करा ना लवकर." माय मुलाला म्हणाली, "मी जित्ती शे. माले इचारत जा." त्या मुलानं मान वर केली. नंतरचं त्यानं तिलाच विचारलं, पत्ता तोच आहे का, मोबाइल कुणाचा आहे. पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी तसं शिकवलंच नव्हतं, मलाही नव्हतं.

घरातलं सांगायला जास्त जड जातं. नानांच्या मागे सातबारावर मायचं नाव लागलं. गेल्या वर्षी शेत बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, द्यायचं ठरलं. ते ओट्यावर ठरलं, तेव्हा माय आत शेंगा निवडत बसली होती. चाळीस वर्षं तिनं त्या रानात निंदणी केली, कापूस वेचला. बांधालगतच्या पट्ट्यात पाणी साचतं, तिथं कापूस पिवळा पडतो हे तिला तोंडपाठ आहे. बटाईदारानं नेमका तिथंच कापूस लावला आणि पट्टा पिवळा पडला. माझा भाऊ तिला कधी उपाशी ठेवणार नाही, औषधपाण्याला कमी करणार नाही. पण शेताचं बोलणं निघालं की आवाज खाली येतो, "तिला कशाला त्रास!"

गावात याहून वाईट घरं आहेत, तिथं शेत नावावर करून घेतल्यावर खाट थेट गोठ्याशेजारी जाते. अशांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. साठ वर्षांवरच्या माणसाला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे ज्यांना प्रांत म्हणतात त्यांच्याकडे, साधा अर्ज करता येतो. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो आणि अर्जाचा निकाल 90 दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. बक्षीसपत्र करून देत असाल तर त्यात "सांभाळ करतील" ही अट लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. 14567 या ज्येष्ठांसाठीच्या मदतीच्या नंबरवर फोन करून माहिती विचारता येते. हे मी बायकांच्या प्रत्येक हळदीकुंकवात सांगते, कुणी कंटाळलं तरी सांगते.

काही जण म्हणतात, ज्यांना विसर पडलाय त्यांचं काय? अशा माणसालाही पहिला प्रश्न त्यालाच विचारावा, मग सोबतच्याला. नावानं हाक मारलेली त्यांनाही कळते.

एसटीत मात्र माय खूश असते. 2022 पासून पंच्याहत्तरच्या पुढच्यांना राज्यात कुठेही प्रवास मोफत आहे. ती बटव्यातून आधार कार्ड स्वतः काढते, कंडक्टरच्या हातात देते, तिकीट घेते आणि धुळ्यापर्यंत मुठीत धरून बसते.

मागच्या महिन्यात मनगट दाखवायला गेलो. या वेळी नवीन, तरुण डॉक्टरीण होत्या, साक्री तालुक्याकडच्या, म्हणजे अहिराणी मुलखातल्याच. त्यांनी मास्क खाली घेतला, खुर्ची मायकडे वळवली आणि विचारलं, "माय, काय व्हस तुले?" मायनं दहा मिनिटं घेतली. मनगटापासून सुरुवात केली, मग गुडघे, मग झोप. बाहेर सहा माणसं बसली होती. मी भिंतीवरचा तक्ता बघत उभी राहिले. बोलता बोलता ती म्हणाली की पडल्यापासून ती दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंब घेत नाही, म्हणजे रात्री मोरीकडे जावं लागत नाही. सव्वा वर्ष. ऐन मे महिन्यातसुद्धा. हे मला माहीत नव्हतं, भावाला नव्हतं, वैनीलाही नव्हतं.

त्याच रात्री भावानं मायच्या खाटेपासून मोरीपर्यंत वायर ओढली आणि दिवा लावला. बटण कुठं हवं, ते तिला विचारून बसवलं.