पस्तीस कुठून आले?

शिक्षण परिषद म्हटली की आधी सह्यांचा कागद फिरतो, मग फोटो, मग सूचना. यू-डायस या सरकारी प्रणालीत शाळेची माहिती भरा, आधार जुळवा, आहाराच्या नोंदी पूर्ण करा. मग चहा. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका छताखाली जमतात, आणि वर्गाबद्दल बोलायचं तेवढं राहून जातं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षकाकडून वर्षाला 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून हे तास कसे भरतात, ते इथे लिहीत नाही, माझीच बिरादरी रागावेल.

आम्ही पाच जण परिषद संपल्यावर मागे थांबतो. सगळे द्विशिक्षकी शाळांवरचे. अट एकच : येताना मुलांच्या वह्या आणायच्या, त्याही न तपासलेल्या. कोणाचा उपक्रम गाजला, कोणाची शाळा डिजिटल झाली, हे विषय बंद.

एकदा तिसरीची हातच्याची वजाबाकी निघाली. 52 वजा 27. पाचही शाळांच्या वह्यांत 25 च्या जागी 35 भरपूर. मी म्हटलं, सरळ आहे, मुलं मोठ्यातून लहान वजा करतायत. दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन घालवले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "माझी पोरं दशक सुटा करतात हो. बारातून सात, पाच. पण वरचे पाच दशक चार करायचे विसरतात." त्यांनी वही पुढे केली. दोनाच्या डोक्यावर बारीक एक लिहिलेला होता, पाच मात्र तसाच. उत्तर तेच, 35.

म्हणजे चुका दोन, आणि उत्तर एकच! एकक स्थानी दोन आणि सात घेतले की हा घोटाळा होणारच, त्यांच्यात पाचाचा फरक आहे. आम्ही 52 चे 53 केले. आता पहिल्या चुकीचं उत्तर 34 येतं, दुसरीचं 36. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या वर्गात तेवढं एक गणित घातलं आणि मुलं आपोआप दोन गटांत पडली. 34 वाल्यांच्या हातात पुन्हा दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यावे लागले. 36 वाल्यांना, गठ्ठा सोडला की दशकाचा आकडा खोडायचा, एवढीच सवय लावायची होती. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही प्रशिक्षणात इतकं नेमकं काही हाती लागलं नव्हतं.

जपानमध्ये शिक्षक एक पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात, मग चर्चा. तिथे ही शंभरावर वर्षांची रीत आहे. आमच्याकडे कोणी वर्गात आलं की तपासणीच वाटते, हात आपोआप पाठाच्या टाचणवहीकडे जातो. आम्ही ठरवलं, मागे बसणाऱ्याने शिक्षकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, फक्त दोन मुलांनी काय केलं ते सांगायचं. त्याने भीती बरीच गेली. अडचण वेळेची. दोन शिक्षकांतला एक गेला तर चार वर्ग एकाच्या गळ्यात. म्हणून किरकोळ रजा टाकून जातो. दुसऱ्याचा तास बघायला रजा घालवणारी बायको म्हणजे घरच्यांच्या लेखी वेडच.

मध्यंतरी वरून कौतुक झालं. गटाला नाव द्या, अहवाल पाठवा, फोटो टाका. लगेच वह्या बदलल्या! सुवाच्य अक्षर, सगळी उत्तरं बरोबर, आणि बोलायला काहीच नाही. अहवालाचं काम एकाने अंगावर घेतलं, तो दोन ओळी लिहून मोकळा होतो. बाकीचे पुन्हा चुकलेल्या वह्या आणायला लागले.

सध्या वाद आहे 403 वजा 156 वरून. मधल्या शून्यापाशी मुलं अडतात, गठ्ठा सोडायला दशकच नाही. निवृत्तीला आलेले आमचे गुरुजी जुनी पद्धत सोडायला तयार नाहीत : वर दहा मिळवले की खाली शेजारच्या घरात एक मिळवायचा. उत्तर झटपट येतं, शून्य आडवं येत नाही. माझं म्हणणं, ते का येतं हे तिसरीच्या पोराला काड्यांनी दाखवता येत नाही. गुरुजी म्हणतात, "येतं, दाखवतो." पुढच्या महिन्यात तास त्यांचा, मागे बसणार आम्ही. माझ्या वर्गातली कोणती दोन मुलं त्यांच्यापुढे बसवायची, ते मी ठरवून ठेवलंय.