अर्ल म्हणजे नक्की कोण?

इंग्लंडचा इतिहास वाचायला घेतला की अर्ल हा शब्द पानोपानी भेटतो आणि मराठीत त्याचं कुणी सरदार करतं, कुणी उमराव, कुणी तर सरळ राजा करून टाकतं. राजा तर अजिबातच नाही. ब्रिटिश उमरावांच्या पाच पायऱ्या आहेत, वरून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन, म्हणजे अर्ल बरोब्बर मधला. पण वयाने बघाल तर तोच सगळ्यांत थोरला आणि मला हा शब्द इतका आवडतो तो त्याचमुळे.

इंग्लंडमध्ये पहिला ड्यूक झाला १३३७ साली, पहिला मार्क्वेस १३८५ ला, पहिला व्हायकाउंट १४४० ला. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात कनूट राजा असताना, अर्ल मोठमोठे प्रांत सांभाळत होते. शब्द जुन्या इंग्रजीतला, स्कँडिनेव्हियातल्या यार्लचा भाऊबंद. मग १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले, त्यांच्याकडे त्याच तोलामोलाचा माणूस म्हणजे काउंट, पण काउंट हा किताब इंग्लंडात रुजलाच नाही, अर्लच टिकला. फक्त अर्लला स्त्रीलिंगी रूप नव्हतं ना, म्हणून अर्लची बायको आजही काउंटेस! काउंटी हा शब्दही त्याच फ्रेंच घराण्यातला, आणि व्हायकाउंट म्हणजे मुळात काउंटच्या हाताखालचा.

आता वापर, आणि खरा गोंधळ इथेच होतो. बोलताना अर्लला कुणी अर्ल म्हणत नाही, लॉर्ड म्हणतात. मार्क्वेस, व्हायकाउंट, बॅरन हेही बोलण्यात लॉर्डच, एकटा ड्यूक तेवढा ड्यूक राहतो. शिवाय काही अर्ल गावाच्या नावाचे असतात, अर्ल ऑफ सँडविच सारखे (हो, खायचं सँडविच त्या घराण्यातल्या चौथ्या अर्लच्या नावावरूनच आलं), आणि काही नुसत्या आडनावाचे, अर्ल ग्रे, अर्ल रसेल, अर्ल स्पेन्सर. तिथे मध्ये ऑफ घालायचं नाही.

स्पेन्सर घराण्याकडे बघितलं की मुलाबाळांचे नियमही कळतात. प्रिन्सेस डायनाचे आजोबा सातवे अर्ल स्पेन्सर, ते होते तोवर तिचे वडील व्हायकाउंट अल्थॉर्प म्हणून ओळखले जायचे, तो अर्लचाच खालचा किताब, थोरल्या मुलाने नुसता मानाने वापरायचा. तेव्हा डायना होती ऑनरेबल डायना स्पेन्सर. १९७५ मध्ये आजोबा गेले, वडील आठवे अर्ल झाले आणि ती झाली लेडी डायना, कारण अर्लच्या सगळ्या मुली लेडी. धाकटे मुलगे मात्र ऑनरेबलच राहतात, म्हणजे सख्ख्या बहिणीला लेडी म्हणायचं आणि भावाला लॉर्ड नाही, हे मला अजूनही विचित्रच वाटतं. आणि लेडीच्या पुढे तिचं स्वतःचं नाव लागतं हेही महत्त्वाचं, लेडी स्पेन्सर म्हटलं की ती अर्लची बायको झाली.

माउंटबॅटनचंही असंच आहे. ते मार्क्वेसचे धाकटे चिरंजीव, आणि अर्लच्या नाही पण मार्क्वेसच्या धाकट्या मुलांना लॉर्ड लागतं, म्हणून आधी लॉर्ड लुई, स्वतःच्या नावापुढे लॉर्ड. १९४६ मध्ये व्हायकाउंट झाले तेव्हा लॉर्ड माउंटबॅटन, आणि १९४७ मध्ये अर्ल झाल्यावरही लॉर्ड माउंटबॅटनच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सगळेच लॉर्ड, त्यात चूक काहीच नाही, पण त्याखाली दडलेला दर्जा दिसत नाही. डलहौसी १८४८ ला आले तेव्हा अर्ल होते, पुढच्याच वर्षी मार्क्वेस झाले. कर्झन तर भारतात असताना फक्त बॅरन होते, अर्ल झाले १९११ ला आणि मार्क्वेस १९२१ ला, तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत लॉर्ड कर्झनच. उलट आयर्विनचं, गांधीजींशी १९३१ चा करार करणारे लॉर्ड आयर्विन आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असलेले लॉर्ड हॅलिफॅक्स हा एकच माणूस, १९३४ मध्ये वडिलांचा व्हायकाउंट हॅलिफॅक्स हा किताब त्यांच्याकडे आला आणि नावच बदललं, आणि १९४४ मध्ये ते अर्ल ऑफ हॅलिफॅक्स झाले.