आधी आवर्तन, मग मुखपृष्ठ: विद्यार्थी संगीत अंकाची रोजनिशी

सोमवार

संगीत विभागाच्या वार्षिक अंकाची पहिली बैठक हमखास मुखपृष्ठावर अडकते. तानपुऱ्याचा भोपळा घ्यायचा की तबल्याची शाई, यातच तास जातो. आमचं मत उलटं आहे. अंकातलं सगळ्यात अडेलतट्टू पान बंदिशीच्या (रागात बांधलेल्या गाण्याच्या) स्वरलिपीचं, म्हणजे स्वर-ताल चिन्हांत लिहिलेलं असतं, तेव्हा आकार, समास आणि रकाने त्या पानावरून ठरवावेत. लेख कुठल्याही रुंदीत ओतता येतो, तीनतालाचं आवर्तन (सोळा मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, एक फेरी) ओतता येत नाही.

आज फक्त मापं काढली. डेमी आकार (साधारण १४० × २१६ मिमी) हातात छान बसतो, पण समास सोडून रुंदी उरते १०८ मिमी. सोळा मात्रांत वाटली तर मात्रेला पावणेसात मिमी. एका मात्रेत ‘सारेगम’ आलं की अक्षर ७ पॉइंटवर आणावं लागतं. मग आवर्तन आठ-आठ मात्रांत तोडलं जातं, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एका ओळीत आणि ‘खाली’ (टाळी नसलेली नववी मात्रा) दुसऱ्या ओळीत. गाणाऱ्याला ते पान बघून ताल धरता येत नाही.

ए-फोर घेतला तर रुंदी २१०. शिवणीकडे २० आणि बाहेर १८ सोडून १७२ मिमी उरतात. मात्रेचा खाना १० मिमी, दोन विभागांमध्ये ४ मिमी मोकळे: १६ × १० आणि ३ × ४, बरोबर १७२. ‘सारेगम’ १० पॉइंटात जेमतेम मावतं. हाच खाना झपतालाला लावला (दहा मात्रा, २-३-२-३) तर ११२ मिमी होतात आणि बाजूला ६० मिमीची पट्टी रागाच्या माहितीला मिळते. एकताल (बारा मात्रा, सहा विभाग) १४० मिमीत बसतो. रूपकाची (३-२-२) दोन आवर्तनं शेजारी-शेजारी ठेवली तरी मध्ये १६ मिमी उरतात. खान्याची रुंदी मात्र तालागणिक बदलायची नाही. झपताल पान भरून ताणला की तो विलंबित (संथ लयीचा) वाटतो, आणि हे वाचणाऱ्याच्या नकळत होतं.

मंगळवार

उभा हिशोब. देवनागरीला ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. वर रफार-वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार, दोघांनाही जागा हवी. मजकूर १०.५ पॉइंट, ओळ १५ पॉइंटची. १३ वर आणलं की ‘कर्तृत्व’चा ऋकार खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’च्या रफाराला टेकतो.

वर २० आणि खाली २२ मिमी सोडले की उंची २५५ मिमी, म्हणजे १५ पॉइंटच्या ४८ ओळी. स्वरलिपीच्या एका आवर्तनाला चार ओळी: स्वर, शब्द, तालचिन्हं आणि एक मोकळी. पानात १२ आवर्तनं मावतात. मध्यलयीच्या ख्यालाची स्थायी-अंतऱ्याची (बंदिशीच्या दोन भागांची) सात-आठ आवर्तनं धरली तरी आरोह-अवरोह, थाट, वादी-संवादी, समय आणि बंदिशीचा अर्थ यांना जागा राहते. एक बंदीश, एक पान. पान उलटून अंतरा गायला लावणं हा जुलूम आहे.

बडा ख्याल (विलंबित लयीतला) सगळा छापू नये. विलंबित एकतालाची मात्रा चार भागांत फोडली की आवर्तनाला ४८ खाने होतात आणि पान वेळापत्रकासारखं दिसतं. मुखडा (समेवर नेणारी सुरुवातीची ओळ), स्थायीची एक भरण, अंतऱ्याचं उठान एवढं पुरे. छापील ताना पाहून कुणी तान शिकत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बुधवार

आज चिन्हं. अंक सगळ्यात जास्त इथेच फसतो, आणि कारण विद्यार्थी नसतात. महाराष्ट्रात दोन लिप्या शेजारी-शेजारी नांदतात. एक पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची; त्यांची क्रमिक पुस्तकमालिका मुळात मराठीतच आली. दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुणी एका गुरूकडून आलेलं असतं, कुणी दुसऱ्या, आणि दोघांच्या वह्या एकाच अंकात येतात.

भातखंडे पद्धतीत अक्षरावरचं टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक. पलुसकर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं) सप्तक. भातखंड्यांकडे ‘म’वरची उभी रेघ तीव्र (चढा) मध्यम दाखवते, पलुसकरांकडे उभी रेघ तार सप्तक दाखवते. म्हणजे एकच छापील अक्षर यमनातला तीव्र मध्यम किंवा वरच्या सप्तकातला शुद्ध मध्यम. समेला इकडे × तर तिकडे १. खालीला इकडे ० तर तिकडे +. त्यातून ताल तीनतालासारखा ओळखीचा असेल तर वाचणारा चुकीचं चिन्हही सवयीने बरोबर वाचतो आणि चूक मुद्रितापर्यंत टिकते.

नियम असा: सगळा अंक एका लिपीत. आम्ही भातखंडे घेतो, कारण टंकनाला ती सोपी. पलुसकर लिपीतलं हस्तलिखित आलं तर ज्याने लिहिलं त्यानेच बसून रूपांतर करायचं, संपादकाने परस्पर करायचं नाही. चिन्हांची चौकट पहिल्या बंदिशीच्या डोक्यावर, अंकाच्या शेवटच्या पानावर नव्हे.

तालचिन्हांत एक जागा नेहमी अडते. तीनतालातल्या बंदिशीचा मुखडा नवव्या मात्रेवरून उठत असेल तर ओळ ‘खाली’पासून सुरू करावी: ०, ३, ×, २ असा क्रम (२ आणि ३ या टाळ्या). ओळ समेपासूनच मांडायचा हट्ट धरला तर पहिल्या ओळीत आठ खाने रिकामे पडतात आणि शब्द मध्येच तुटतात. मुखडा बाराव्या मात्रेवर असेल तर पहिल्या ओळीचे तीन खाने मोकळे सोडायचे. ते भरायला कुणी तिथे रेघा टाकल्या तर त्या ‘स्वर लांबवा’ अशाच वाचल्या जातात. स्वर लांबवायला रेघ, शब्द लांबवायला अवग्रह (ऽ), रिकाम्या खान्यात काहीही नाही.

गुरुवार

टंकन. कोमल (उतरलेल्या) स्वराखालची रेघ बहुतेक जण वर्डच्या अधोरेषेने काढतात. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला किंवा पानात साधा मजकूर म्हणून ओतला की अधोरेषा गळते, आणि कुठेही लाल खूण येत नाही. भैरवीचे चारही कोमल गेले की पानावर सगळ्या शुद्ध स्वरांचा बिलावल उरतो.

उपाय युनिकोडातच आहे. वेदपाठाच्या खुणांसाठी अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ अशी स्वतंत्र चिन्हं त्यात आहेत: रे॒, ग॒, ध॒, नि॒ आणि म॑. ती अक्षराला चिकटून राहतात, कुठूनही कुठेही नेली तरी टिकतात. रोजच्या कळफलकावर ती सापडत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनी कच्चं टंकन असं करायचं: कोमलाला रे_, तीव्राला म|, मंद्राला आधी टिंब (.नि), तारला नंतर टिंब (सा.). शेवटी ‘शोधा आणि बदला’ एकदाच चालवायचं. चिन्ह नेहमी काना-मात्रा-वेलांटीनंतर. आधी पडलं तर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. मंद्र कोमल निषादाला खाली रेघ आणि टिंब दोन्ही लागतात. आधी रेघ, तिच्याखाली टिंब. बऱ्याच फॉन्टांत ती एकमेकांवर बसतात, तेव्हा फॉन्ट निवडताना पहिली चाचणी दरबारी रागाची घ्यावी; त्यात मंद्र कोमल निषाद येतोच. मंद्रासाठी नुक्ता (उर्दू उच्चारांसाठीचं अक्षराखालचं टिंब) वापरू नये. तो अक्षराच्या पोटात शिरतो आणि प्रत्येक फॉन्टात वेगळीकडे बसतो.

फॉन्ट: मजकुराला ‘तिरो देवनागरी मराठी’ सुरेख दिसतो, पण त्याला ठळक वजन नाही. मथळे आणि स्वर ‘मुक्ता’त, मुंबईच्या एक टाइपचा, सात वजनांचा. ठळक हवं म्हणून तिरोला कृत्रिम जाडी दिली की ‘ष’ आणि ‘ध’ची पोटं बुजतात. भाषा मराठी निवडायला विसरू नये, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावल्याशिवाय वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरं सुटतात. ते परिच्छेद-शैलीतच कायमचं बसवावं; हाताने लावलं तर नेमकी एक चौकट राहून जाते. छापखान्यात डीटीपीवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत रूपांतर करून देतो म्हणतात. देऊ नये. त्यात ‘दुसऱ्या’मधला ऱ्य मोडतो, ‘ॲ’ हरवतो, आणि स्वरांच्या खुणा तर गेल्याच.

शुक्रवार

छायाचित्रं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधं पाठवलेलं चित्र लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचं राहतं. छपाईच्या ३०० डीपीआयने ते १३५ मिमी. अर्ध्या पानाला ठीक, पूर्ण पानाला फुटतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावं. मंचावरच्या जांभळ्या-निळ्या एलईडी दिव्यांत काढलेले चेहरे चार रंगांच्या छपाईत काळवंडतात; ते सरळ कृष्णधवल करावेत.

चित्र आडवं उलटवायचं नाही, कधीच नाही. चेहरा पानाच्या आत वळावा म्हणून मांडणीकार सहज उलटवतो आणि तबलजी डावखुरा होतो, डग्गा उजवीकडे जातो, सतारीची दांडी भलत्या बाजूला. सर्वसाधारण वाचकाला कळत नाही. या अंकाचा वाचक सर्वसाधारण नाही. तसंच तानपुऱ्याच्या खुंट्या कापू नयेत. जागा नसेल तर हाताची बोटं आणि चेहरा एवढंच जवळून घ्यावं.

शनिवार

मजकुराची साफसफाई. मैफलीच्या वृत्तांतातून ‘मंत्रमुग्ध’, ‘सुरांची बरसात’, ‘श्रोते तल्लीन’ काढले की निम्मा लेख जातो. उरलेल्या जागेत राग, ताल, लय, बंदिशीचे पहिले शब्द आणि साथीदार लिहायला सांगायचं. तबला, संवादिनी (हार्मोनियम) आणि तानपुरा, तिन्हींवर बसलेल्यांची नावं. तानपुऱ्यावरचं नाव गाळायची वाईट पद्धत आहे, आणि तिथे बहुधा आपलाच विद्यार्थी बसलेला असतो. पं., उस्ताद, विदुषी पहिल्या उल्लेखालाच, नंतर आडनाव.

हक्क: भारतात रचनाकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. अठराव्या शतकातल्या सदारंगाची बंदीश निर्धास्त छापावी. हयात किंवा अलीकडच्या वाग्गेयकाराची असेल तर लेखी परवानगी, आणि बंदिशीखाली रचनाकाराचं नाव. ‘पारंपरिक’ हा शब्द आळसापोटी फार वापरला जातो.

मुद्रितशोधन डोळ्यांनी होत नाही, गळ्याने होतं. छापील पान समोर, तानपुरा लावलेला. एक जण पानावरचंच गातो, दुसरा हातावर ताल धरतो, तिसरा पेन्सिल घेऊन बसतो. गाणाऱ्याला ती बंदीश आधी येत नसावी. येत असेल तर तो पानावरचं नाही, आठवणीतलं गातो. सोळाऐवजी पंधरा मात्रांचं चुकलेलं आवर्तन असं दोन मिनिटांत सापडतं.

मंगळवार

छापखाना. पिन-शिवणीला पानं चारच्या पटीत: आतली ३२, मुखपृष्ठाची ४. आत ९० जीएसएम मॅपलिथो (न चकाकणारा साधा छपाईचा कागद). ७० वर मागच्या पानाच्या रेघा दिसतात आणि पुढच्या पानावरचा शुद्ध स्वर कोमल भासू शकतो. मुखपृष्ठ २२० चं आर्ट कार्ड. आठ कागद एकात एक घातले की मधली पानं जवळजवळ एक मिमी बाहेर सरकतात आणि कापली जातात, म्हणून पानाचा आकडा कडेपासून ८ मिमी तरी आत. एका पानात मावतच नाही अशी मोठी बंदीश असेल तर ती १६ आणि १७ या समोरासमोरच्या मधल्या पानांवर. तिथेच कागद सलग असतो.

स्वरलिपी फक्त काळ्या शाईत. वर्डमधून आलेला काळा बरेचदा चार रंगांचा बनतो. एखादा रंग केसभर सरकला तरी कोमलाची बारीक रेघ दुहेरी दिसते. पीडीएफमध्ये रंगांचे पडदे एकेक बंद करून बघावं: काळा बंद केल्यावर स्वरलिपीचं पान कोरं दिसायला हवं. रंगीत पट्टीवर स्वर छापायचा मोह टाळावा.

बंदिशीसोबत विद्यार्थ्याच्या ध्वनिमुद्रणाचा क्यूआर: २२ मिमी, पांढऱ्यावर काळा, चारी बाजूंनी मोकळी जागा. दुवा कुणाच्या खासगी ड्राइव्हचा नको. मूल पास होऊन गेलं की दुवाही जातो. चाचणी पडद्यावर नाही, छापील नमुन्यावर, दिव्याखाली, वेगवेगळ्या फोनांनी. चकचकीत आर्ट पेपरवर उजेड चमकतो आणि तो वाचला जात नाही.

नमुना सही करण्यापूर्वी तपासायचं एवढंच: बंदिशींची पानं पुन्हा एकदा गाऊन. मशीनला जाणारी फाइल फॉन्टांसकट बांधून, तीनताल, झपताल, एकताल, रूपक अशा चार कोऱ्या चौकटी वेगळ्या ठेवून, विभागाच्या संगणकावर पुढच्या वर्षाच्या नावाने जतन करून ठेवायची.