अर्धा तास काऊन लागते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यवतमाळ जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे मी, आणि हा प्रश्न पेशंटपेक्षा सोबतचे लोकच जास्त विचारतात. "सिस्टर, गावात तं दोन मिंटात इंजेक्शन मारून घरी पाठवते, तुमाले अर्धा तास काऊन लागते?"

लागतो, कारण शिरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही.

सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकचंच घ्या, आमच्या वॉर्डात तेच जास्त चालतं. एक ग्रॅमची पावडर आधी नीट विरघळवायची, मग १०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये टाकून साधारण अर्ध्या तासात सोडायची. आरएलच्या, म्हणजे रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाईनच्या, बाटलीत कधीच टाकायची नाही, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि दोन्ही एकत्र आले की बारीक कण धरतात. फवारणीच्या पंपात न जुळणारी दोन औषधं मिसळली की कसा चोथा होतो ते तुम्ही पाहिलंच असेल, तसं. म्हणून आरएल चालू असेल तर ती थांबवून नळी नॉर्मल सलाईनने धुते आणि मगच अँटिबायोटिक लावते, तो वेळ तुम्हाला उगाच वाटतो पण तो उगाच नसतो.

व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला तर एका ग्रॅमला शंभरेक मिनिटं तरी लागतात. घाईत सोडलं की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, बीपी खाली येतो, आणि हे बऱ्याचदा नुसत्या वेगामुळे होतं. त्यामुळे शेवटची एसटी चुकते म्हणून सलाईनची चकरी कोणी सैल केली की मी खरंच चिडते, आणि चिडणारच.

दुसरं म्हणजे माझे प्रश्न. आधी कोणत्या गोळीनं, सुईनं अंगावर पित्त उठलं होतं का, तोंड सुजलं होतं का, दम लागला होता का? लोक पटकन "नाई" म्हणतात, मग सलाईन लावताना घरातल्या कोणाला तरी जुनं काहीतरी आठवतं. तेव्हा का होईना, सांगा. जुनी चिठ्ठी आणा, गोळ्यांच्या पाकिटाचा मोबाईलवर फोटो असेल तरी चालतो. टेस्ट डोसला, म्हणजे आधी थोडंसं टोचून पाहतो त्याला, काही झालं नाही म्हणजे पुढे काहीच होणार नाही असंही नसतं, म्हणून पहिली काही मिनिटं मी कॉटजवळून हलत नाही. ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे जोराच्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन, ठेवलेलं असतं. जोराची रिअ‍ॅक्शन आलीच तर औषध ताबडतोब बंद आणि मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, लगेच. घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घुसमटला, चक्कर आली, किंवा सुईच्या जागी आग होऊन हात सुजला तर हाक मारा, रात्रीचे तीन वाजले असले तरी मारा.

आणि कधीकधी आम्हीच पळतो. बीपी पडलेला, बरळणारा, तापाने फणफणलेला पेशंट आला आणि सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून जिवावर बेतलेलं, वाटलं तर अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभराच्या आत जायला हवा, जमलं तर त्याआधी कल्चरचं, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायचं, रक्त घेऊन. तिथे सुरू करायला एक मिनिट दवडत नाही, पण बाटली ज्या वेगाने जायची त्याच वेगाने जाते.

दोन-तीन दिवसांत ताप उतरला, पेशंट जेवायला लागला की डॉक्टर बरेचदा सुई काढून गोळ्या लिहितात. तेव्हा "आता इलाज कमी केला का?" म्हणू नका हो. गोळीनं भागत असताना सुई हातात ठेवली तर शीर सुजते, तिथून नवीन इन्फेक्शन शिरू शकतं. गोळ्या तेवढ्या सांगितल्या तितके दिवस घ्या.