तुम्ही विचारलेत म्हणून: मोटरहोम घेऊन कुठे राहायला आवडते?

मोटरहोममधून, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, भटकणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो: समुद्र, डोंगर, जंगल, तळे आणि वाळवंट यांपैकी मुक्कामाला सर्वांत चांगली जागा कोणती? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते आणि ते समुद्र हेच असते. माझे उत्तर मात्र हिवाळ्यातले वाळवंट असे आहे. त्याच्या खालोखाल थंड हवेतले तळे, मग डोंगर आणि जंगल, आणि समुद्रकिनारा सर्वांत शेवटी. हा क्रम ऐकून बरेच जण हिरमुसतात, म्हणून त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहिते.

तंबूत राहणारा आणि गाडीत राहणारा एकाच जागेकडे वेगळ्या नजरेने पाहतात. तंबूला चार हात सपाट जमीन पुरते. मोटरहोमचे वजन मात्र साडेतीन टनांच्या आसपास असते आणि मोठ्या गाड्यांचे दहा टनांच्याही वर जाते. तिला टणक जमीन लागते, वळायला जागा लागते आणि तिथपर्यंत पोहोचणारा रस्ता लागतो. शिवाय ती आपले पिण्याचे पाणी, सांडपाणी, मैला, वीज आणि गॅस सोबत घेऊन फिरते. त्यामुळे देखावा कितीही सुंदर असला, तरी जमीन मऊ असेल किंवा सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय दूर असेल, तर मुक्काम लांबत नाही. पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. गाडीत पलंग असतो, शेगडी असते, हीटर असतो. जरा वारा सुटला किंवा डास आले की माणूस आत जाऊन दार लावून घेतो आणि मग निसर्ग खिडकीच्या काचेपुरता उरतो. म्हणून जागेला गुण देताना मी एकच गोष्ट पाहते: जागेपणीचा किती वेळ गाडीबाहेर गेला? या कसोटीवर वाळवंट इतर सर्व जागांना सहज मागे टाकते.

वाळवंट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. प्रत्यक्षात जगातल्या वाळवंटांचा सुमारे एक पंचमांश भागच वाळूने व्यापलेला आहे. उरलेले बहुतेक सारे खडकाळ पठार, खडीची सपाट मैदाने आणि कोरडी दरीखोरी असे असते. बारीक माती वाऱ्यापाण्याने वाहून गेल्यावर मागे उरलेल्या दगडगोट्यांचा जो घट्ट थर तयार होतो, त्यावर जड गाडीही रुतत नाही आणि ती समपातळीत आणायला चाकांखाली एखादा ठोकळा पुरतो. समपातळीचे महत्त्व झोपेपुरते नाही. अनेक मोटरहोममध्ये अमोनियावर चालणारा फ्रिज असतो. त्यातला द्रव पंपाने नव्हे, तर गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतो, त्यामुळे गाडी फार कलली की थंडावा मिळणे थांबते आणि तसाच तो बराच वेळ चालू राहिला तर फ्रिज कायमचा बिघडू शकतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. हिवाळ्यात सूर्य खाली असतो आणि दिवस लहान असतो हे खरे, पण आकाश निरभ्र असते आणि सौर पॅनेलला थंड हवा मानवते. पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की दर अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. त्यामुळे पॅनेल सूर्याकडे थोडे कलते करता आले, तर हिवाळ्यातल्या वाळवंटात बॅटरी दुपारपर्यंत भरते आणि जनरेटरचा आवाज ऐकावा लागत नाही. जनरेटर बंद असणे हेच माझ्या लेखी अर्धे सुख आहे. शेजाऱ्याने तो सुरू केला की ते जाते, ही गोष्ट वेगळी.

तिसरी गोष्ट कोरड्या हवेची. हवेत बाष्प आणि वर ढग नसल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडते आणि दुपार व पहाट यांच्या तापमानात २० अंशांचा फरकही पडू शकतो. या फरकाचा लोकांना धाक वाटतो. मला तोच आवडतो, कारण त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक आपोआप ठरते. सूर्य वर आला की बाहेर पडायचे, दुपार गाडीच्या सावलीत काढायची, संध्याकाळी चालायचे आणि रात्री गरम कपडे घालून आकाश पाहायचे. कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली हे याचे टोकाचे उदाहरण आहे. तिथला बॅडवॉटर हा भाग समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे आणि १० जुलै १९१३ रोजी तिथल्या फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, जे आजही जगातले विक्रमी तापमान म्हणून अधिकृत मानले जाते. उन्हाळ्यात तिथे गाडीत राहणे जिवावर बेतू शकते. डिसेंबरात मात्र दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास असते आणि बाहेर बसायला त्याहून चांगली हवा मागून मिळणार नाही. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या आसपास तर हिवाळ्यात मोटरहोमची वस्तीच उभी राहते. तिथे सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन दीर्घ मुक्काम करता येतो. ज्यांना एकांत हवा आहे, त्यांनी तिकडे फिरकू नये.

वाळवंटाचे धोकेही सांगायला हवेत. कोरड्या नाल्याचे पात्र सपाट आणि आडोशाचे असते, म्हणून नवखा माणूस नेमकी गाडी तिथेच लावतो. वरच्या डोंगरात, कित्येक किलोमीटर दूर पडलेल्या पावसाचा लोंढा आपल्या डोक्यावर ढगही नसताना त्या पात्रातून येतो. त्यामुळे नाल्यात रात्र काढायची नाही, या नियमाला मी कधीही अपवाद करत नाही. दुसरा मुद्दा जमिनीचाच आहे. काही वाळवंटांत मातीवर शैवाल, दगडफूल आणि जिवाणूंचा काळपट, खडबडीत थर असतो. तो मातीला धरून ठेवतो, आणि एकदा चाकाखाली चिरडला की पूर्ववत व्हायला अनेक दशके लागतात. म्हणून आधीच वापरात असलेल्या चाकोरीवर आणि मोकळ्या केलेल्या जागेवरच गाडी लावावी. नव्या जागेचा मोह कितीही झाला, तरी तो आवरावा.

तळ्याला दुसरा क्रमांक दिला, त्याचे कारण पाण्याचा स्वभाव. सारख्याच वजनाची कोरडी माती आणि पाणी घेतले, तर पाणी तेवढेच तापवायला चार ते पाचपट उष्णता लागते. म्हणून मोठे तळे दिवसाची उष्णता साठवते, रात्री ती हळूहळू परत देते आणि काठावरची हवा टोकाला जात नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची टेकापो आणि पुकाकी ही तळी माझ्या विशेष आवडीची आहेत. हिमनद्यांनी दळलेले खडकाचे पीठ पाण्यात तरंगत राहिल्यामुळे त्यांचा रंग दुधाळ निळा दिसतो, आणि २०१२ पासून त्या परिसराला काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता आहे. म्हणजे दिवसा पाण्याकडे आणि रात्री आकाशाकडे पाहत माणूस बाहेरच राहतो. माझ्या कसोटीला आणखी काय हवे?

मात्र तळ्याकाठी गाडी अगदी पाण्याला टेकवण्याची लोकांची हौस मला पटत नाही. रात्री उतारावरची थंड हवा जड होऊन खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. धुके, दव आणि डास हे सारे तिथेच येते. दहा-पंधरा मीटर उंचावर गाडी लावली, तर देखावा तोच राहतो आणि पहाट बरीच सुसह्य होते. पाण्यापासून निदान साठ मीटर दूर राहावे हा सर्वत्र सांगितला जाणारा संकेतही त्याच दिशेचा आहे. भांड्यांचे साबणाचे पाणी तळ्याच्या काठावर ओतणाऱ्यांविषयी काही लिहू नये हे बरे. न्यूझीलंडमध्ये २०११ साली मुक्त मुक्कामाविषयीचा, म्हणजे नेमलेल्या मुक्कामतळांबाहेर राहण्याविषयीचा, कायदा झाला आणि २०२३च्या दुरुस्तीने स्वयंपूर्ण (पाणी, सांडपाणी आणि मैल्याची सोय आतच असलेल्या) गाडीच्या प्रमाणपत्रासाठी कायम बसवलेले शौचालय बंधनकारक केले. काहींना तो जाच वाटला; मला तो उशिरा आलेला शहाणपणा वाटतो.

डोंगराविषयी लोक जितके हळवे होऊन बोलतात, तितकी मोटरहोम डोंगरात सुखी नसते. उंची दर हजार मीटरला वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि हवा विरळ झाल्यामुळे पाणी कमी तापमानाला उकळते. तीन हजार मीटरवर ते ९० अंशांच्या आसपास उकळू लागते, त्यामुळे डाळ शिजायला फार वेळ लागतो आणि गॅस जास्त जळतो. गॅस कोणता आहे, हाही प्रश्न असतो. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ वायुरूप होणेच थांबवतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत टिकतो. म्हणून थंडीत जाताना सिलिंडरमधले मिश्रण पाहून घेणे हा हौसेचा नव्हे, तर गरजेचा भाग आहे. बंद गाडीत हीटर किंवा शेगडी चालू असेल, तर हवा खेळती हवी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू स्थितीत हवे. एवढे सांभाळले की डोंगर आवडण्यासारखाच आहे, पण उन्हाळ्यात आणि मध्यम उंचीवर. घाटाच्या अगदी माथ्यावर वारा रात्रभर गाडी हलवत राहतो; माथ्यावरून जरा खाली, वाऱ्याच्या आडोशाला असलेली सपाटी अधिक चांगली.

जंगल मला चालायला फार आवडते, राहायला कमी. दाट सावलीत सौर पॅनेल जवळजवळ निरुपयोगी होतात, खालच्या फांद्या छताला ओरखडे काढतात आणि वाळलेली फांदी कधी पडेल हे सांगता येत नाही. काही जातींची निलगिरीची झाडे तर वारा नसतानाही मोठ्या फांद्या टाकतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रेडवुड हा मात्र सन्माननीय अपवाद. जगातली सर्वांत उंच झाडे तिथे आहेत आणि त्यांतले सर्वांत उंच ज्ञात झाड ११६ मीटरच्या आसपास आहे. अशा झाडांच्या बुंध्याशी उभी असलेली मोटरहोम अगदी क्षुल्लक दिसते, आणि ते योग्यच आहे. जंगलात गाडीचा एक खरा फायदा आहे तो अस्वलांच्या प्रदेशात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज येथे केवळ टणक भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो, तंबूंना नाही, कारण त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. पण अशा ठिकाणी रात्री बाहेर बसता येत नाही, म्हणून माझ्या कसोटीवर त्याचे गुण कमीच होतात.

आता समुद्र. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो आणि रात्री तो उलटा फिरतो, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या वाऱ्यासोबत मीठही येते आणि ते गाडीच्या खालच्या सांगाड्यात, बिजागऱ्यांत आणि विजेच्या जोडांत जाऊन बसते, हे गाडी घेतल्यावर कळते. हवा दमट असल्यामुळे झोपलेल्या माणसांच्या श्वासातले बाष्प सकाळी खिडक्यांवरून ओघळते आणि गाद्यांखाली ओल धरते. वाळूत चाके रुततात. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे ती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, आणि अमावास्या-पौर्णिमेला ती नेहमीपेक्षा वर चढते. संध्याकाळी कोरडी दिसलेली पुळण मध्यरात्री कोरडी असेलच असे नाही. शिवाय किनाऱ्यावर गर्दी असते. एकच किनारा मला मनापासून आवडतो: ऑस्ट्रेलियातल्या नलरबॉर पठाराचा. तिथे चुनखडीचे कोरडे, वृक्षहीन पठार एकाएकी संपते आणि ६० ते १२० मीटर उंचीचे बुंडा कडे थेट समुद्रात उतरतात. हिवाळ्याच्या महिन्यांत जवळच्या उपसागराच्या टोकाशी देवमासे पिलांसह दिसतात. आयर महामार्गाचा १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला पट्टा याच वाटेवर लागतो. कड्याची कडा खालून पोखरलेली असते, त्यामुळे तिच्यापासून बरेच दूर, नेमून दिलेल्या विश्रांतिस्थळीच थांबावे. हा किनारा मला आवडतो, कारण तो खरे तर वाळवंटच आहे, हे चाणाक्ष वाचकाने ओळखले असेल.

आणखी एक उपप्रश्न नेहमी येतो: जागा आवडली की कुठेही थांबता येते का? नाही. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने मोकळ्या निसर्गात वावरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे आणि वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर तंबू ठोकता येतो, पण त्या हक्कात रस्ता सोडून माळावर गाडी घालणे बसत नाही. आइसलँडमध्ये मोटरहोम आणि कॅम्परव्हॅनना नेमलेल्या मुक्कामतळांबाहेर, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. प्रत्येक प्रदेशाचा नियम निघण्यापूर्वी वाचून घ्यावा. पोहोचल्यावर अंधारात दुसरी जागा शोधणे हा अत्यंत कंटाळवाणा उद्योग आहे.

पहिल्यांदाच निघणाऱ्याला मात्र मी वाळवंट सुचवत नाही. त्याने वीज-पाण्याची जोडणी आणि टाकी रिकामी करायची सोय असलेला, तळ्याजवळचा मुक्कामतळ निवडावा, तिथे दोन-तीन रात्री एकाच जागी राहावे, आपल्याला दिवसाला किती पाणी आणि किती वीज लागते ते मोजावे, आणि मग ती जोडणी काढून आणखी एक रात्र त्याच जागी काढून पाहावी. ज्याला ती रात्र निभावता येईल, त्याने हिवाळा येताच खुशाल वाळवंटाचा रस्ता धरावा; जाताना पाण्याची टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि शिवाय दोन कॅन वेगळे ठेवावेत.